वर्षअखेरीचे दप्तर

डिसेंबर महिना उजाडला, की चिंचणीपासून तारापूर-बोईसरपर्यंतच्या शाळांतून स्नेहसंमेलनांचे मांडव पडू लागतात, आणि ज्यांनी आयुष्यभर शिक्षणखात्याची चाकरी केली व आता निवृत्तिवेतनावर समुद्रकाठी स्वस्थ बसले आहेत अशा माझ्यासारख्यांना, व्यासपीठावरील एखादी रिकामी खुर्ची भरून काढण्यासाठी म्हणा किंवा वयाचा मान म्हणून म्हणा, आमंत्रणे येऊ लागतात. विषय बहुधा ठरलेला असतो: सरत्या वर्षाला निरोप देताना थोरामोठ्यांच्या चरित्रांतून आपण काय घ्यावे. व्हरांड्यातल्या फळ्यावर रंगीत खडूंनी डॉ. कलामांचे एक चित्र, त्याखाली त्यांच्या नावावर खपविलेले एक वाक्य; पलीकडे सचिन तेंडुलकर, त्याखाली दुसरे वाक्य; आणि ती वाक्ये त्यांनी खरोखर उच्चारली होती की नाही याची पृच्छा करण्याचे कारण कोणालाच पडत नाही, कारण वाक्य चांगले असले म्हणजे ते कोणत्याही चांगल्या माणसाच्या तोंडी शोभते, अशी आपली सार्वत्रिक समजूत आहे.

सुभाषितांचा मला तिटकारा नाही. लहानपणी पाटीवर ती गिरवूनच माझे अक्षर वळणावर आले. परंतु शिक्षण विस्तार अधिकारी या हुद्द्यावर डहाणू, तलासरी, जव्हार या बाजूंना बदलीच्या हुकुमांप्रमाणे फिरत असताना, अडचणीच्या प्रसंगी मला आधार मिळाला तो थोरांच्या वचनांचा नव्हे. त्यांचे काम कोठे अडले होते, अडल्यावर त्यांनी आपल्या व्यवस्थेत नेमका कोणता फेरफार केला, एवढी माहिती मला पुरेशी झाली, आणि ती मला व्याख्यानांतून फारशी मिळाली नाही. ती याच किनारपट्टीवर, आमच्या घरापासून एस. टी.च्या थोड्या प्रवासावर, टेकडीवर व पाड्यांवर पसरलेली होती.

सरकारी दप्तरात वर्षाची अखेर दोन प्रकारची असते. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि शाळेचे वर्ष उन्हाळ्याच्या सुटीला. पण आमच्या पूर्वेकडच्या वारली पाड्यांवर खरी अखेर दिवाळीनंतर येते. भाताची कापणी-झोडणी आटोपली, घरातले धान्य किती दिवस पुरेल याचा अंदाज आला, की कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, मिठागरांवर, रेतीच्या धक्क्यांवर निघून जातात, आणि जूनमध्ये मोठ्या हौसेने भरविलेल्या पटातील नावांसमोर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. कित्येक परत येतात ती होळीला, आणि कित्येक थेट पावसाच्या तोंडाशी. पुण्या-मुंबईच्या माणसाला डिसेंबरअखेर म्हणजे नव्या वर्षाची चाहूल वाटत असेल. आमच्या तपासणीच्या वहीत तो महिना म्हणजे रिकाम्या बाकांचा महिना होता. त्याच महिन्यात वरून तगादा येई, की उपस्थितीचे तक्ते ताबडतोब रवाना करावेत. मग शाळाशाळांतून कॅटलॉग मागवावयाचे, बेरजा ताडून पाहावयाच्या, पट आणि प्रत्यक्ष हजेरी यांतील तफावतीस कारण काय द्यावयाचे याचा विचार करावयाचा. कारणांच्या रकान्यात पूर्वापार चालत आलेला एक सोयीस्कर शेरा होता: पालकांची अनास्था. माझ्या आधीच्यांनी तो लिहिला, माझ्या बरोबरीच्यांनी लिहिला, आणि तो लिहिला की कागद पुढे सरके, कारण अनास्थेला जबाब विचारता येत नाही.

हा शेरा मला लिहवेनासा झाला तो कोसबाडच्या टेकडीवरील बालशिक्षणाच्या कामामुळे. ते उभारणाऱ्या ताराबाई मोडक १९७३ साली वारल्या, त्यानंतर मी नोकरीत रुजू झालो. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ तेव्हा हयात होत्या व पुढे १९९२पर्यंत होत्या, परंतु त्यांच्याशी चार शब्द बोलण्याचा योग मला आला नाही. मी ओळखतो ते दोघींचे काम, आणि तेही प्रथम एक सरकारी पाहुणा म्हणून, हातात वही घेऊन पाहिलेले.

ताराबाईंचे चरित्र भाषणात सांगावयास फार सोपे आहे. जन्म मुंबईचा, १८९२ सालचा. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद. ते सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्तीत बालशिक्षणाचे काम. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना. नंतर दादरला शिशुविहार. १९६२ साली पद्मभूषण. एवढे सांगून टाळ्या घेता येतात. परंतु ज्या वयात आमच्या खात्यातला माणूस निवृत्तिवेतनाचे कागद जुळवावयास घेतो, त्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहरात चाललेले व नावारूपास आलेले काम सोडून त्या १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले, येथपासून पुढचा जो भाग आहे तो व्याख्यानाच्या साच्यात बसत नाही, कारण त्यात अडचणीच फार आहेत. शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांसाठी माँटेसरी पद्धतीची जी महाग साधने लागत, ती खेड्यात आणावी कोठून, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर चिंचोके, गुंजा, शिंपले, बांबूच्या कांड्या, पाने आणि माती यांत शोधले गेले. साधने झाली, पण मुले येईनात. दूरच्या वस्तीतले मूल सकाळी कोणी आणून सोडावे, त्याला आंघोळ कोणी घालावी, आई मजुरीला गेल्यावर त्याला परत कोणी न्यावे? तेव्हा गावात एक मध्यवर्ती बालवाडी ठेवून दुसरी बालवाडी थेट वस्तीतल्या घरांच्या अंगणात भरविण्याची योजना निघाली. आज देशभर लहान मुलांच्या केंद्रांना जे नाव सरकारने दिले आहे, त्या अंगणवाडीचे मूळ हे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झाली तेव्हा ताराबाई ते पाहण्यास नव्हत्या.

पुढे १९५०नंतरच्या दशकात हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले, आणि तेथे प्रश्न अधिकच अवघड झाला. वारल्यांचे सहा-सात वर्षांचे मूल म्हणजे घरचा गुराखी. ते शाळेत बसले तर गुरे कोणी राखावीत? आणि आठ वर्षांची मुलगी म्हणजे घरची दाई. ती शाळेत बसली तर पाळण्यातल्या भावंडाकडे कोणी पाहावे? ज्या उत्तरांनी हे प्रश्न सोडविले गेले ती मला आजही विलक्षण वाटतात, आणि त्यांचे वैलक्षण्य त्यांच्या साधेपणात आहे. गुराखी शाळेत येत नाही, तर शिक्षकाने साहित्याची पिशवी खांद्याला अडकवून कुरणात जावे: ही कुरणशाळा. मुलगी भावंडामुळे येत नाही, तर भावंडासकट तिने यावे: पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका आवारात, ही विकासवाडी. या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच दंडक दिसतो. मूल आले नाही, तर चौकशी मुलाची किंवा त्याच्या बापाची न करता शाळेची करावयाची. तिची वेळ, तिची जागा, तिची भाषा, तिचे नियम तपासावयाचे, आणि ज्याने मूल अडते ते बदलावयाचे. मी तपासणी-अधिकारी होतो. तपासणीची दिशाच येथे उलटी झालेली मला दिसली.

अनुताईंचे चरित्रही असेच, फळ्यावर लिहावयास अत्यंत सोयीचे. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्यानंतर शिक्षिकेची नोकरी. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवीत असताना रात्रशाळेत बसून मॅट्रिक. पन्नाशी उलटल्यावर, १९६१ साली, बी. ए. जिद्दीचा आदर्श म्हणून हे मुलांना ऐकविले जाते आणि त्यात खोटे काहीच नाही. तथापि मला या जिद्दीच्या पाठाविषयी एक तक्रार आहे. तेरा वर्षांच्या मुलीवर तो प्रसंग आणणारी समाजाची रीत आपण पायरीसारखी वापरतो, जणू ती अडचण नसती तर पुढचा मोठेपणाही नसता, आणि ऐकणाऱ्या मुलीला असे वाटू लागते, की सोसणे हीच मोठे होण्याची पूर्वअट आहे. अनुताईंच्या कामाचा सारा रोख तर नेमका उलट होता. कोवळ्या वयात मुलांना जे सोसावे लागते ते कमी कसे होईल, याचाच तो उद्योग होता. त्यांच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनाकडे मी याच दृष्टीने वळलो आणि नंतरही अनेकदा वळत राहिलो.

आता माझ्या स्वतःच्या दप्तराकडे येतो. डहाणूच्या पूर्वेस सूर्या नदीच्या खोऱ्यात एका पाड्यावर एकशिक्षकी शाळा होती. गुरुजी मूळचे देशावरचे, स्वभावाने अबोल, टाचणवही नीटनेटकी ठेवणारे. कोसबाडहून परतल्यानंतर मी तपासणीची माझी रीत बदलली होती. पूर्वी मी हजर मुलांना पाढे विचारून, शुद्धलेखन घालून, फळ्याची व नकाशांची अवस्था पाहून निघत असे. आता शाळेत शिरल्यावर कॅटलॉग उघडून प्रथम गैरहजर नावे उतरवून घेई, आणि गुरुजींना बरोबर घेऊन त्या घरांकडे चालू लागे. या पाड्यावर अशीच एक चौथीतली मुलगी, नाव पटावर आणि पाय घरात. आई कुडाच्या भिंतीला शेण सारवीत होती. मी विचारले तेव्हा तिने हात न थांबविता उत्तर दिले, "सायब, पोर येल शाळंत, पन या धाकल्याला कोन बघल?" मुलगी कडेवर धाकट्याला घेऊन उभी होती. ज्या रकान्यात इतकी वर्षे पालकांची अनास्था लिहिली जात होती, त्या रकान्यात लिहावयाच्या मजकुराची ओळ मला त्या बाईने तोंडी दिली.

गुरुजींनी जास्त चर्चा केली नाही. दुसऱ्या खेपेला मी गेलो तेव्हा शाळेच्या पडवीत आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली होती, तीत धाकटा झोपलेला होता आणि मुलगी आत बसून भागाकार करीत होती; हळूहळू झोळ्यांची संख्या वाढली आणि झोळीमागे एकेक मुलगीही आली. गवत कापणीच्या दिवसांत गुरुजींनी शाळा सकाळी लवकर भरवून ऊन चढण्यापूर्वी सोडण्यास सुरुवात केली, कारण मोठी मुले आईबापांबरोबर गवतावर जात. मी शेरेबुकात दोन्ही गोष्टींची नोंद केली व शिफारस लिहिली. एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेस ती पडली आणि मला खुलासा विचारण्यात आला: पटावर नसलेली अर्भके शाळेच्या इमारतीत कोणत्या नियमान्वये ठेवण्यात आली, आणि शाळेची वेळ कोणाच्या मंजुरीने बदलण्यात आली? प्रश्न कायदेशीर होते. नियमाच्या दृष्टीने त्यांना उत्तरही नव्हते. मी खुलाशात कोसबाडच्या प्रयोगाचा हवाला दिला, पूर्वीच्या व आताच्या हजेरीचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि मागणी केली, की नियम सांगावा म्हणजे त्याप्रमाणे झोळ्या काढण्याचा लेखी हुकूम गुरुजींना देता येईल. लेखी हुकूम कधी आला नाही. असा हुकूम स्वतःच्या सहीने काढण्यास कोणी धजत नाही, हे मला चाकरीने शिकविले होते, ताराबाईंनी नव्हे. थोरांच्या शिकवणीत असल्या युक्त्यांचा समावेश होत नाही, पण त्यांच्यावाचून ती शिकवण कचेरीच्या उंबरठ्यापलीकडे जात नाही, हेही येथे नमूद करून ठेवतो. काही वर्षांनी गुरुजींची बदली झाली, नव्या शिक्षकांनी पडवी स्वच्छ केली, आणि झोळ्या गेल्या.

वीटभट्टीवर गेलेल्या मुलांपुढे मात्र माझी वही हतबल होती, कारण ती माझ्या हद्दीबाहेर गेलेली असत. वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या, तेव्हा कुरणशाळेचाच हा दुसरा अवतार आहे हे माझ्या ध्यानात आले आणि मनस्वी आनंद झाला. त्यात माझा कसलाही वाटा नव्हता.

ज्या १९४५ साली ताराबाई बोर्डीस आल्या, त्याच साली, त्याच मुलखात दुसरी एक सुशिक्षित स्त्री निराळ्या वाटेने वारल्यांच्या पाड्यांवर हिंडत होती. गोदावरी परुळेकर या माहेरच्या गोखले, पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर; भारत सेवक समाजातून किसान सभेत आलेल्या. मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे परिषद भरली, आणि वेठबिगार व लग्नगडी (लग्नाच्या कर्जापोटी राबविला जाणारा गडी) या प्रथांविरुद्ध वारली उभे राहिले. ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन माणसे मारली गेली. दोघींच्या राजकारणाचा मेळ बसण्यासारखा नव्हता, आणि तो बसवून दाखविण्याची गोडबोली खटपट मी करणार नाही. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळात तर सरकारी माणसाने गोदावरीबाईंचे नाव सभेत घ्यावयाचे नसते, असा एक अलिखित जाबता होता. परंतु साहित्य अकादमीने १९७२ साली ज्याचा गौरव केला ते त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक मी डहाणूच्या मुक्कामात वाचले, आणि त्यातून एक गोष्ट मी उचलली जी दप्तरी माणसाला फार उपयोगाची आहे.

न्याय मिळाला पाहिजे, शोषण थांबले पाहिजे, अशा घोषणा कोणीही देऊ शकतो व त्या ऐकून जमीनदाराचे काही बिघडत नाही. किसान सभेने मागितले ते असे: पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये. वजन ठरलेले, दर ठरलेला. अक्षर न येणाऱ्या माणसालाही तो लक्षात ठेवता येईल, आपल्या भाऱ्यावरून ताडता येईल, आणि मिळाला नाही तर मिळाला नाही हे तोंडावर सांगता येईल. एवढा काटेकोरपणा ज्यांनी अंगी बाणविला त्यांना पाड्यावर राहून भाऱ्याचे वजन, दिवसाची कापणी, सावकाराचे माप हे सर्व आधी समजून घ्यावे लागले असणार. त्यानंतर मी जे मसुदे लिहिले त्यांतून सुधारणा व्हावी, लक्ष पुरवावे, प्रयत्न करावेत ही गुळमुळीत क्रियापदे शक्य तितकी काढून टाकली आणि अमुक पाड्यास दोन खोल्या, अमुक शाळेस पिण्याच्या पाण्याची टाकी, अमुक तारखेपूर्वी, असे लिहू लागलो. मंजुरी दर वेळी मिळाली असे नाही. पण नामंजुरीसुद्धा स्पष्ट शब्दांत मिळू लागली, आणि सरकारी व्यवहारात तीही मोठी प्राप्ती आहे.

तारापूरच्या बाजूच्या शाळांत भाषण असले, की होमी भाभांचे नाव घेणे अपरिहार्य ठरते. त्यांच्या तसबिरीशेजारी विज्ञाननिष्ठेविषयी काहीतरी लिहिलेले असते. वास्तविक आमच्या मुलांना सांगण्याजोगी गोष्ट अधिक ठसठशीत आहे: अणुवीजकेंद्रासाठी तारापूरच का? कोळशाच्या खाणी येथून फार दूर, मुंबई आणि गुजरात या दोन्हींकडच्या कारखान्यांची विजेची भूक जवळ, आणि यंत्रे थंड ठेवण्यास समुद्राचे पाणी दाराशी. अशा हिशेबाने हा किनारा निवडला गेला. प्रत्येकी २१० मेगावॉटचे दोन संच बांधले गेले, पुढे त्यांची क्षमता १६० वर आणली गेली. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले, तेव्हा भाभांना आल्प्सवरील विमान-अपघातात जाऊन जवळजवळ पावणेचार वर्षे झाली होती. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तसबिरीखालच्या ओळीत ही दोन नावे मी कधी पाहिली नाहीत. विज्ञाननिष्ठेला ती जड होऊ नयेत.

गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याविषयी मी थोडेच बोलतो, कारण त्यांच्याविषयी चित्रांनीच बोलावे. लहानपणी आई गेल्यावर मुलगा बोलेनासा झाला आणि धुळीत रेघा ओढून मनातले सांगू लागला, हे आता सर्वश्रुत आहे. लग्नाचा चौक लिहिण्याचे जे काम सवाशिणींचे, ते पुरुषाच्या हातांनी, रोजच्या रोज, कोणत्याही लग्नाशिवाय होऊ लागले. भास्कर कुळकर्णी हे चित्रकार कागद आणि रंग घेऊन त्यांच्यापर्यंत गेले नसते तर २०११ची पद्मश्री आणि परदेशातील प्रदर्शने कोठून येती? म्हणून म्हसे यांचे नाव घेताना मी मुलांपुढे कुळकर्ण्यांचेही घेतो. गुणी माणूस ओळखून त्याच्या अंगणापर्यंत चालत जाणे हाही एक गुण आहे, आणि आम्हां शिक्षकांच्या आवाक्यातला तोच अधिक आहे.

थोरवी कशावरून मोजावी, याविषयी आमच्या गावाकडे एक फार जुना दाखला आहे. चिंचणीस सापडलेले ताम्रपट दिनेशचंद्र सरकार यांनी वाचून प्रसिद्ध केले. त्यांतील शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. त्या वेळी संजाण मंडलाचा कारभार मुहम्मद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटाने त्याचे नाव संस्कृत करून मधुमती केले आहे आणि सुगतिप हा त्याचा किताबही दिला आहे. राजाच्या पराक्रमाचे अलंकारिक वर्णन ताम्रपटात आहेच, ते सर्व ताम्रपटांत असते. परंतु या परधर्मीय कारभाऱ्याविषयी जे कोरून ठेवले आहे ते असे: त्याने दोन प्रवाहांवर उतारूंसाठी मोफत तर चालू केली, आणि संजाणला एक अन्नछत्र घातले, जेथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. त्याचे एकही वचन आपल्यापर्यंत आलेले नाही. हजाराहून अधिक वर्षे लोटली, आणि पानात काय वाढले जात होते तेवढे मात्र आपल्याला ठाऊक आहे. मला तर वाटते, की विस्तार अधिकाऱ्याने एखाद्या पूर्वसूरीपुढे नमस्कार करावयाचा असेल तर तो या सुगतिपापुढे करावा.

आज अंगणवाडी गावोगाव आहे आणि तिच्या भिंतीवर थोरांच्या तसबिरीही आहेत. पण जी सेविका तेथे बसते ती नोंदवह्या भरण्यात निम्मा दिवस घालविते. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. आणि मोर्चाच्या दिवशी ती रजेवर गेली, की पालकांची अनास्था ज्या रकान्यात लिहीत असत त्याच रकान्यात आता सेविकेची अनास्था लिहिली जाते. ताराबाईंविषयी आपला आदर खरा असता तर त्यांच्या तसबिरीला हार घालण्याआधी त्यांच्या कल्पनेवर राबणाऱ्या बाईला आपण सरकारी नोकर मानले असते. हा माझा स्पष्ट अभिप्राय आहे, आणि तो मी निवृत्त असल्यामुळे देऊ शकतो, याचीही मला जाणीव आहे.

या भागातील मुख्याध्यापकांना व संमेलनांच्या कार्यवाहांना माझी एक विनंती आहे. शाळांच्या सहली याच दिवसांत निघतात आणि बहुतेक बसगाड्या शहराजवळच्या करमणुकीच्या बागांकडे जातात. त्यांतली एक गाडी यंदा डहाणूमार्गे कोसबाडच्या टेकडीकडे वळवावी. नूतन बालशिक्षण संघाचे काम तेथे अजून चालू आहे. मुलांना आधी चरित्र सांगू नये, गाडीत भाषण करू नये. त्यांना पाहू द्यावे, प्रश्न विचारू द्यावेत, आणि संस्थेस आगाऊ पत्र लिहून परवानगी घ्यावी. सकाळीच पोचावे, दुपारनंतर लहान मुले घरी गेलेली असतात.